दुर्बीण, उपग्रह आणि आकाशाचा नाद

मनुष्याला जे अनेक नाद लागतात, त्यांपैकीं आकाश पाहाण्याचा नाद हा फार जुना आणि बहुधा सर्वांत स्वस्त म्हणावा लागेल. त्याला मैदान लागत नाहीं, प्रतिपक्षी लागत नाहीं, आणि प्रारंभीं तरी कसलेंहि उपकरण लागत नाहीं. घराची गच्ची किंवा गांवाबाहेरचा माळ, निरभ्र रात्र आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर त्याचा आरंभ होतो. असें असतांहि पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आकाशाचें ज्ञान मिळविणें हें मोठमोठ्या वेधशाळांतील पंडितांचें काम. सामान्य माणसानें वर पाहून कौतुक करावें आणि खालीं मान घालून आपल्या उद्योगाला लागावें. ही समजूत कितपत खरी आहे हें ठरविण्यासाठीं दुर्बीण, उपग्रह आणि हौशी निरीक्षक या तिघांचा गेल्या चारशें वर्षांतील संबंध तपासून पाहाण्यासारखा आहे.

या संबंधाचा आरंभ एका ठराविक रात्रीं झाला. इटलींतील पादुआ येथील विद्यापीठांत गणित शिकविणाऱ्या गॅलिलिओनें इ. स. १६१० च्या जानेवारीच्या ७ तारखेस स्वतः तयार केलेली दुर्बीण गुरु ग्रहाकडे वळविली. ती पदार्थ सुमारें वीसपट मोठे करून दाखवीत असे. गुरूच्या शेजारीं त्याला तीन बारीक तारे एका ओळींत दिसले. दोन पूर्वेस व एक पश्चिमेस. एवढ्यावरच तो थांबला असता तर तीन तारे गुरूजवळ आहेत यापलीकडे कांहीं निष्पन्न झालें नसतें. परंतु त्यानें तें चित्र कागदावर काढून ठेविलें आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हां पाहिलें. आतां तिन्ही तारे पश्चिमेस होते! १० तारखेस दोनच दिसले. १३ तारखेस चार झाले. अशा चित्रांवरून हळूहळू उघड झालें कीं, हे तारे नसून गुरूभोंवतीं फिरणारे चार चंद्र आहेत, आणि जो मधूनच दिसेनासा होतो तो गुरूच्या आड गेलेला किंवा त्याच्या तेजांत लोपलेला असतो. आकाशांतील प्रत्येक गोलानें पृथ्वीभोंवतींच फिरलें पाहिजे हा जुना सिद्धांत या चार ठिपक्यांनीं डळमळीत केला. गुरूच्या या सोबत्यांना केप्लरनें 'सेवक' अशा अर्थाचा लॅटिन शब्द लाविला, आणि युरोपांतील भाषांत उपग्रहाचा वाचक शब्द त्यापासून रूढ झाला. आज बाजारांत मिळणारी साधी द्विनेत्री दुर्बीण भिंतीला टेकून स्थिर धरली, तर तिच्यांतूनहि गॅलिलिओचे हे चारहि चंद्र दिसतात.

दुर्बिणीचें मुख्य काम वस्तु मोठी करून दाखविणें हें होय, असें सामान्यतः मानलें जातें. खरें पाहातां तिचें पहिलें काम प्रकाश गोळा करणें हें आहे. अंधारांत डोळ्याची बाहुली रुंदावून सुमारें ७ मिलिमीटर व्यासाची होते. ताऱ्याचा जेवढा प्रकाश तेवढ्या भोंकांतून आंत शिरेल, तेवढाच डोळ्याच्या वांट्याला येतो. आतां ७० मिलिमीटर व्यासाचें भिंग घेतलें, तर त्याचा व्यास दसपट झाला, पण क्षेत्रफळ शंभरपट झालें. अर्थात् तें शंभरपट प्रकाश गोळा करतें. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत असतील, तर या भिंगांतून अकराव्या प्रतीपर्यंतचे दिसूं लागतात. मोठ्या भिंगानें किंवा अंतर्गोल आरशानें गोळा केलेल्या या प्रकाशाची लहानशी प्रतिमा बनते, आणि डोळ्याजवळचें नेत्रभिंग ती प्रतिमा मोठी करून दाखवितें. मोठ्या भिंगाचें केंद्रांतर ७०० मिलिमीटर आणि नेत्रभिंगाचें १० मिलिमीटर असेल, तर पदार्थ सत्तरपट मोठा दिसतो. नेत्रभिंग बदलून हा आंकडा वाढवितां येतो. परंतु त्याला मर्यादा आहे. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पटीपलीकडे पट वाढविली कीं प्रतिमा मोठी होते खरी, पण ती अंधुक आणि पुसट होत जाते. दुर्बिणीच्या खोक्यावर पांचशें-सहाशें पटींची जाहिरात वाचून भुलणाऱ्या नवशिक्यानें हा हिशेब ध्यानांत ठेवावा. त्यापेक्षां तिची तिवई भक्कम आहे कीं नाहीं हें पाहावें. कारण थरथरणाऱ्या तिवईवर उत्तम भिंगहि निरुपयोगी ठरतें. भिंगांतून येणाऱ्या प्रतिमेच्या कडेला रंग दिसतात हा दोष टाळण्यासाठीं न्यूटननें १६६८ सालीं आरशाची दुर्बीण तयार केली. हौशी लोकांत ती आज फार प्रचारांत आहे, कारण तेवढ्याच पैशांत भिंगापेक्षां मोठा आरसा मिळतो. इतकेंच नव्हे, तर चिकाटी असल्यास तो घरीं घांसूनहि तयार करतां येतो.

अशी लहानशी दुर्बीण हातीं आल्यावर प्रथम काय पाहावें? चंद्र पाहावा, परंतु तो पौर्णिमेचा नव्हे. पौर्णिमेस चंद्रावर ऊन समोरून पडतें, सावल्या नाहींशा होतात आणि सारा पृष्ठभाग चुन्यानें सारविल्यासारखा सपाट दिसतो. अष्टमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर पाहावें. तेथें नुकताच सूर्योदय होत असतो. विवरांच्या कडा उन्हांत चमकत असतात, तळ काळोखांत बुडालेले असतात, आणि तासाभरांत एखाद्या शिखराला नवा उजेड लागलेला दिसतो. शनीचें कडें पाहातांना तर अनेकांना हें चित्र कोणी दुर्बिणीच्या आंत चिकटविलें असावें अशी शंका येते.

सप्तर्षींतील वसिष्ठ आणि त्याच्याजवळची अरुंधती हीं नवदंपतीला दाखविण्याची आपल्याकडे चाल आहे. लहान दुर्बिणींतून पाहिलें म्हणजे कळतें कीं वसिष्ठ हा स्वतःच एक जोडतारा आहे. अरुंधती तर दूर राहिली, त्याच्या अगदीं निकट दुसरा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकांचे सहा-सात तारे दिसतात. द्विनेत्रींत ते मोजतां मोजतां माणूस थकतो. देवयानींतील अंधुक पुंजका तर नुसत्या डोळ्यांनींहि दिसूं शकतो, आणि तेथून निघालेला प्रकाश येथें पोहोंचण्यास सुमारें पंचवीस लाख वर्षें लागलेलीं असतात. महाराष्ट्रांत आषाढापासून भाद्रपदापर्यंत आकाश बहुतेक ढगांच्या स्वाधीन असतें. त्याची भरपाई कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या स्वच्छ रात्री करून देतात.

येथपर्यंत केवळ आनंदाची गोष्ट झाली. या आनंदाला घड्याळ आणि वही यांची जोड मिळाली म्हणजे त्याचें ज्ञान कसें होतें, हें गुरूच्या उपग्रहांच्याच पुढील इतिहासांत दिसून येतें. गुरूच्या या चार चंद्रांपैकीं त्याला सर्वांत जवळचा जो आयो, तो सुमारें साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो आणि प्रत्येक फेरींत गुरूच्या छायेंतून जातो. या ग्रहणांचीं कोष्टकें तयार झालीं. पण ग्रहणें कोष्टकाप्रमाणें होईनात. पॅरिस येथील वेधशाळेंत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाच्या असें लक्षांत आलें कीं, पृथ्वी गुरूपासून दूर जात असतांना ग्रहणें उत्तरोत्तर उशिरां होतात आणि ती जवळ येत असतांना लवकर होतात. १६७६ सालीं त्यानें अगोदरच सांगून ठेविलें कीं, ९ नोव्हेंबरचा आयोचा मोक्ष दहा मिनिटें उशिरां दिसेल. आणि तसेंच घडलें. कारण उघड होतें. प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, आणि अंतर वाढलें म्हणजे बातमी उशिरां पोहोंचते. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटें लागतात असा रोमरचा अंदाज होता. खरा काळ सुमारें १६ मिनिटें ४० सेकंद आहे. आंकडा चुकला, तरी प्रकाश तत्क्षणींच सर्वत्र पोहोंचतो ही कल्पना कायमची मोडली. यासाठीं लागलेलीं साधनें म्हणजे एक दुर्बीण, एक चांगलें घड्याळ आणि वर्षानुवर्षें ठेविलेली टिपणें, एवढींच.

यापुढें सुमारें पावणेतीनशें वर्षें उपग्रह म्हणजे निसर्गानें दिलेले चंद्र हाच अर्थ कायम होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें 'स्पुटनिक' हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि या शब्दाला दुसरा अर्थ आला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि सुमारें ८४ किलोग्रॅम वजनाचा हा चकचकीत गोळा ९६ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करीत असे. त्या दिवसांत पुष्कळांनीं संध्याकाळच्या आकाशांत एक तेजस्वी बिंदु सरकत जातांना पाहिला. तो बहुतेक वेळां हा गोळा नसून त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा मोठा सांगाडा होता. तोहि त्याच मार्गानें फिरत राहिला होता.

असा उपग्रह अमुक क्षणीं आकाशांत नेमका कोठें आहे, हें कोण सांगणार? अमेरिकेंतील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनीं या प्रश्नाचा विचार अगोदरच केला होता. उपग्रहांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं मोठे कॅमेरे तयार होत होते. अशा बारा ठाण्यांपैकीं एक पुढें भारतांत नैनिताल येथें झालें. परंतु उपग्रहाचा मार्ग अंदाजानें तरी ठाऊक असल्यावांचून कॅमेरा रोखावयाचा कोणीकडे? ही उणीव हौशी निरीक्षकांनीं भरून काढावी असें व्हिपल यांनीं ठरविलें, आणि १९५६ सालीं 'मूनवॉच' या नांवाची योजना उभी राहिली. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी अशा नाना तऱ्हेच्या माणसांचीं पथकें निरनिराळ्या देशांत तयार झालीं.

या पथकांची पद्धति सोपी आणि मोठी युक्तीची होती. निरीक्षक रांगेनें बसत. प्रत्येकापुढें सुमारें ५० मिलिमीटर व्यासाची एक लहान दुर्बीण असे. ती फार मोठें दाखवीत नसे, पण आकाशाचा रुंद भाग दाखवीत असे. आणि तिच्यांत आरसा बसविलेला असल्यामुळें मान वर न करतां खालीं पाहूनच आकाश दिसे. एका दुर्बिणींत दिसणारा भाग शेजारच्या दुर्बिणींतील भागावर थोडासा चढलेला असे. अशा रीतीनें उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत याम्योत्तरवृत्तावर जणूं एक कुंपण घातलें जाई. उपग्रह कोणत्याहि उंचीवरून गेला तरी हें कुंपण ओलांडल्यावांचून त्याला गत्यंतर नसे. ज्याच्या दुर्बिणींतून तो जाई, तो निरीक्षक त्या क्षणीं ओरडून सांगे. आणि रेडिओवरील वेळेचे ठोके व त्याचा आवाज हीं दोन्हीं एकाच ध्वनिफितीवर नोंदलीं जात. एक दिशा आणि एक क्षण एवढेंच त्यांतून मिळे. पण निरनिराळ्या गांवांहून अशा नोंदी आल्या म्हणजे गणितज्ञांना उपग्रहाची कक्षा मांडतां येई.

स्पुटनिक अपेक्षेपेक्षां लवकर उडाला, आणि मोठे कॅमेरे अद्याप सज्ज व्हावयाचे होते. अशा वेळीं हींच पथकें उपयोगीं पडलीं. पुढें अशा वेधांतून आणखीहि एक गोष्ट हातीं आली. अतिशय उंचावर जी विरळ हवा आहे, तिच्या घर्षणानें उपग्रहाची कक्षा हळूहळू लहान होत जाते. ती किती वेगानें लहान होते हें मोजून तेथील हवेची घनता काढतां येते. ५ सप्टेंबर १९६२ रोजीं पहांटे अमेरिकेंतील मिलवॉकी येथील पथक १९६० सालच्या एका रशियन उपग्रहाची वाट पाहात बसलें होतें. तो त्यांच्या डोळ्यांदेखत जळत खालीं आला, आणि त्याचा सुमारें नऊ किलोग्रॅमचा एक तुकडा मॅनिटोवॉक या गांवांतील रस्त्याच्या मधोमध सांपडला. ही योजना १९७५ सालापर्यंत चालली.

उपग्रह केवळ पाहूनच नव्हे, तर ऐकूनहि ओळखतां येतो. इंग्लंडांतील केटरिंग येथील एका शाळेंत जेफ्री पेरी हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह साध्या रेडिओ यंत्रावर रशियन उपग्रहांचे संदेश ऐकून त्यांच्या वेळा टिपून ठेवीत. १९६६ सालीं एका उपग्रहाची कक्षा नेहमींच्या ठाण्याशीं जुळेना. त्या टिपणांवरून त्यांनीं अनुमान काढलें कीं, तो उपग्रह एका नव्याच ठिकाणाहून सुटला असला पाहिजे. प्लेसेट्स्क येथील गुप्त उड्डाणतळ जगाला कळला तो असा.

आज उपग्रह पाहाण्यासाठीं पथकाची आवश्यकता नाहीं. उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. दरींत अंधार पडल्यावरहि डोंगरमाथ्यावर ऊन रेंगाळतें, त्याप्रमाणें जमिनीवर रात्र झाली तरी शेंकडों किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाश असतो. म्हणून सूर्यास्तानंतर तास-दीड तास आणि सूर्योदयापूर्वीं तितकाच वेळ उपग्रह चांगले दिसतात. १९९८ पासून आकाशांत असलेलें आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारें चारशें किलोमीटर उंचीवरून, तासाला जवळजवळ २८,००० किलोमीटर वेगानें जातें. तें पश्चिमेकडून उगवून पांच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतें. कधीं कधीं तें भर आकाशांतच मंद होत नाहींसें होतें; त्या क्षणीं तें पृथ्वीच्या छायेंत शिरलेलें असतें, म्हणजे पाहाणाऱ्याला एका चंद्राचें ग्रहणच पाहावयास मिळतें. लुकलुकणारे रंगीत दिवे असतील तर तें विमान. क्षणार्धांत विझेल ती उल्का. आणि न लुकलुकतां एकाच गतीनें सरकेल तो उपग्रह, अशी ही स्थूल ओळख आहे.

हौशी निरीक्षकाची चिकाटी किती दूरवर जाऊं शकते, याचें भारतांतील मोठें उदाहरण म्हणजे राधागोविंद चंद्र हे होत. बंगालमधील जेसोर येथील सरकारी खजिन्यांत नाणीं पारखणाऱ्या या कारकुनाला प्रवेश परीक्षाहि पास होतां आली नव्हती. १९१० सालीं हॅलेचा धूमकेतु त्यांनीं द्विनेत्रींतून पाहिला, आणि १९१२ सालीं तुटपुंज्या पगारांतून पैसे सांठवून त्यांनीं इंग्लंडाहून तीन इंच व्यासाची दुर्बीण मागविली. ७ जून १९१८ च्या रात्रीं गरुड नक्षत्रांत त्यांना एक अनोळखी तेजस्वी तारा दिसला. तो नवतारा होता. त्याच सुमारास अन्य देशांतील निरीक्षकांनाहि तो स्वतंत्रपणें दिसला. ज्याला त्या भागांतील नेहमींचे तारे तोंडपाठ आहेत, त्यालाच तेथें पाहुणा आला आहे हें कळतें. चंद्र यांनीं ही बातमी अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेस कळविली, आणि त्यामुळें त्यांचा संबंध रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या अमेरिकेंतील संस्थेशीं जुळला.

रूपविकारी तारे म्हणजे ज्यांचें तेज कमीजास्त होत असतें असे तारे. त्यांची संख्या इतकी मोठी आहे कीं वेधशाळांना सर्वांवर नजर ठेवणें अशक्य असतें. शेजारच्या स्थिरतेज ताऱ्यांशीं तुलना करून, 'यापेक्षां मंद, त्यापेक्षां तेजस्वी' असें ठरवून, तारीख व वेळ लिहून ठेवावयाची, असें हें काम आहे. अमेरिकेंत दिवस असतो तेव्हां भारतांत रात्र असते. त्यामुळें जेसोरच्या अंगणांतील वेधांना विशेष मोल होतें. १९२६ सालीं त्या संस्थेनें चंद्र यांच्यासाठीं सहा इंची दुर्बीण पाठविली. फाळणीनंतर त्यांना जेसोर सोडावें लागलें, पण वेध सुटले नाहींत. १९५४ पर्यंत त्यांनीं पाठविलेल्या वेधांची संख्या ३७,००० च्या वर गेली. ती दुर्बीण पुढें विख्यात ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे आली व त्यानंतर तामिळनाडूंतील कावलूर वेधशाळेंत गेली. कारकुनाच्या अंगणांतून वेधशाळेपर्यंतचा तिचा हा प्रवास पाहिला, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधील भिंत किती पातळ आहे हें ध्यानांत येतें.

मात्र या छंदाचें जें एकमेव खरें भांडवल, तें म्हणजे अंधार. आणि तोच आतां कमी होत आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जगाच्या एका प्रकाश-नकाशावरून असें दिसून आलें कीं, एकतृतीयांशाहून अधिक मानवजातीला आपल्या राहात्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाहीं. त्यांत उपग्रहांचीहि भर पडली आहे. २०१९ च्या मे महिन्यांत 'स्टारलिंक' योजनेचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडण्यांत आले. मोत्यांच्या माळेसारखी त्यांची रांग पाहून लोकांना कौतुक वाटलें. परंतु त्यानंतर हजारों उपग्रह वर गेले आणि मोठ्या वेधशाळांच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटूं लागल्या. या उपग्रहांमुळें दुर्गम भागांत दळणवळण पोहोंचतें, हेंहि खरें आहे; म्हणून त्यांचें तेज कमी कसें करावें याचे प्रयत्न चालू आहेत. जमिनीवरील दिव्यांचा प्रश्न त्या मानानें सोपा आहे. दिव्याला झांकण घालून उजेड खालीं पाडला, तर रस्ता अधिक उजळतो आणि आकाश काळें राहातें. महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारींत अंधाऱ्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळविणारें तें भारतांतील पहिलें उद्यान होय. त्यासाठीं परिसरांतील दिवे बदलण्यापलीकडे फार मोठें कांहीं करावें लागलें नाहीं.

हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यानें दुर्बिणीची घाई करूं नये. पहिले सहा महिने नुसत्या डोळ्यांनीं नक्षत्रें ओळखावीं, नंतर द्विनेत्री घ्यावी, आणि त्यानंतरच दुर्बिणीचा विचार करावा. विकत घेण्यापूर्वीं दुसऱ्याच्या दुर्बिणींतून पाहून घेणें केव्हांहि चांगलें. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून याच कामासाठीं आहे, आणि आतां इतरहि शहरांत अशीं मंडळें आढळतात. परंतु वही मात्र पहिल्या रात्रींपासून असावी. तारीख, वेळ, आकाशाची स्थिति आणि जें दिसलें तें, एवढें तिच्यांत लिहावें. जें दिसलें पाहिजे असें पुस्तकांत वाचलें तें लिहूं नये. गुरु आकाशांत असेल त्या आठवड्यांत रोज रात्रीं त्याच्या चार चंद्रांचें चित्र काढावें. आठव्या दिवशीं तीं चित्रें एकाखालीं एक ठेवून पाहिलीं, म्हणजे पादुआच्या त्या गणितशिक्षकाला जें कळलें, तें कोणाच्याहि सांगण्यावांचून त्यालाहि कळेल.